पोट फाडलेली घोडी

पहिले माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ जिथे चुकले असेल तिथे वाचणाऱ्याने आपल्या मनाने नीट करून घ्यावे. अक्षरही चांगले नाही. ओळ धरून लिहायला बसते आणि शेवटाकडे ती खाली उतरते. तसे वाचणारे कोणी नाही, ही वही माझ्या पेटीत राहणार आहे. यातले बोलणे माझे, मंदाचे, नाही, माझ्या मोठ्या जावेचे, बेबीबाईंचे आहे. परतवाड्याला आम्ही एकाच अंगणात राहतो. इकडे त्यांचे घर, तिकडे आमचे, आणि मध्ये घोडीचा कोठा. दुपारी मेथी निवडता निवडता, घोडीला खरारा करता करता त्या बोलल्या आणि मी थोडे थोडे लिहीत गेले. मी म्हटले, बाई, माझ्याबद्दलचे मी गाळते. त्या म्हणाल्या, गाळशीन तर मी बोलनारच नाही. म्हणून जसे बोलल्या तसे ठेवले आहे.

माहं माहेर चांदूर रेल्वेजवळच्या खेड्यातलं, आमी भाजीवाले, बापाचं दीड एकर ओलिताचं वावर, त्यात वांगे, पालक, सांभार म्हंजे कोथिंबीर, अन् कडंकडंनं शेवंतीचे ताटवे. माय सांभाराच्या जुड्या बांधे अन् मी डोक्यावर टोपलं घेऊन तिच्यासंगं टेसनावर जात होती, गाडीत बसून बडनेऱ्याच्या बाजारात. शाळा मी दुसरीतच सोडली, पन टोपल्यात किती जुड्या हायत हे मले उचलल्याबरोबर समजे. घोडं म्हनशीन तर आमच्या घरी कधी नव्हतं. मले त्याची भीतीच वाटे. वरातीत घोडं नाचे तवा मी मायच्या मागं लपून राहत होती, अन् मंग लगन लागलं ते घोडीवाल्याच्या घरात. आता काय सांगू तुले.

सासरे वरातीले घोडी देत. परतवाडा, अचलपूर, अंजनगाव, मेळघाटाच्या पायथ्याच्या गावायपर्यंत त्यायची घोडी जाये. सासूनं मले दुसऱ्याच दिवशी कोठ्यात नेलं अन् हातात टोपलं देल्लं, लीद भर म्हने. मी नाकाले पदर लावला. सासू म्हने, पदर काढ, नाकानंच तर समजते. मंदे, तू तिले पाह्यलं नाही जास्त, तू आली तवा ती खाटंवर होती, पन त्या बाईनं मले एक वरीस निस्ती लीद शिकवली. सकाळची कशी असते, दुपारची कशी, ओली कवा होते, कोरडी कवा होते, दिवसातून किती येळा झाली. मी रडो माहेरी जाऊन, मायले म्हनो, मले शेनातला किडा समजतात थे लोकं. आता मीच कोठ्यात गेली की पहिले खाली पाहते, मंग घोडीच्या तोंडाकडं.

सासू-सासरे गेले, जुनी घोडी गेली, मंग आमी शेवंती आनली. अडीच वर्षाची होती, पांढरी, नाकावर गुलाबी. नाव मीच ठेवलं, बापाच्या वावरावरून. तुहे भासरे, म्हंजे माहे मालक, लगाम धरत, मी झूल अन् मोरपिसाचा तुरा सांभाळत संगं चाले. मंग त्यायचा गुडघा गेला, चार पावलं चालले की बसून जात, मंग लगाम मी धरला. लोकं हासले. बाई घोडी धरून राहिली म्हने. हासा म्हनलं. इतक्या वर्षात एक नवरदेव पाडला का मी? मोटरसायकलीवरून पडतात, माह्या घोडीवरून नाही पडला कोनी.

आता एक आमच्या धंद्यातली गोष्ट लिव, चूक तिथंच झाली. वरातीच्या दिवशी घोडीले सकाळपासून पानी दाखवत नाहीत. काहून, तर नवरदेव वर बसलेला असला अन् घोडीनं रस्त्यात पाय फाकवून मुतलं तर वऱ्हाडी खी खी करतात, नवरदेवाची फजिती होते, म्हाताऱ्या अपशकुन म्हनतात अन् बिदागी कटते. म्हनून बालटी दूर. सासरे तसंच करत, त्यायचे बाप तसंच करत, मीबी तसंच करत होती. लगन लागलं की मंग पाजायचं. हिवाळ्यात निभून जाते. वैशाखात घोडीच्या जिवाचं काय होत असन, हे आमी कोनी इचारलंच नाही.

अन् दुसरं ते कुटार. पहिले घरोघरी ज्वारीचा कडबा असे. आता ज्वारी पेरते कोन, जिकडं पाहा तिकडं सोयाबीन अन् पऱ्हाटी. त्या साली कडब्याचा भाव ऐकून मी बाजारातून रिकामी आली. इकडं अंगनात तुह्या नवऱ्याच्या, मधुकरच्या, सोयाबीनच्या कुटाराचा ढीग पडलेला, शेंगाचे टरफलं अन् काड्या, फुकटचा. बैल खातात, म्हशी खातात, मी म्हनलं घोडी काहून नाही खानार. तिनं खाल्लं. पंधरा-वीस दिवस खाल्लं. कोनी घातलं? मीच घातलं, माह्या हातानं, वरतून कुरवाळून घातलं.

मंग अंजनगावची वरात. दुपारची चारची येळ, डांबर पायाले चिकटून राहिलं होतं, डीजेनं छाती हादरत होती, अन् नाचनारे पुढं सरकनात. शेवंती तीन घंटे उभी राहिली, नाचली, घामानं झूल वली झाली. पोटात कोरडं कुटार अन् सकाळपासून पान्याचा थेंब नाही. घरी आनली, बालटी ठेवली, थोडं पेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोठ्यात गेली तर खाली काहीच नाही. एक गोळा नाही. मंग पाहते तर ती मान वळवून आपल्या पोटाकडं पाहून राहिली, जसं कोनी हाक मारली. मागचा पाय पोटाले मारे, बसे, लोळे, उठे.

इथल्या डॉक्टरनं येऊन सुई देल्ली, नाकातून नळी घालून तेल सोडलं, म्हनले फिरवत राहा. फिरवली. दिवसभर फिरवली. काहीच पडलं नाही. हिरड्या पाह्यल्या तर विटेवानी लाल. डॉक्टर म्हनले, बाई, आता माह्या हातचं राहिलं नाही, आतडं गच्च झालं, अकोल्याले जनावराच्या मोठ्या दवाखान्यात न्या, पोट उघडा लागन.

हे ऐकून अंगनात सगळे जमले. मधुकर म्हने, वहिनी, घोडीचं पोट फाडून घोडी जगते का कुठं? तू लिवून राहिली म्हनून मी गोड करून नाही सांगनार मंदे, तुहा नवरा असंच म्हनला. म्हने, जितके पैसे तिकडं घालसान तितक्यात दुसरी येते. मी म्हनलं, दुसरी येईन, पन कुटार हिनं खाल्लं, दुसरीनं नाही खाल्लं. तो म्हने, भावनेत जाऊ नका वहिनी, हिशोबानं पाहा. मी म्हनलं, मधुकर, तुह्या ढिगाचं कुटार होतं, मी तुले बोल लावला का? मंग मले अक्कल देऊ नोको. पिकअपवाल्याले फोन लाव. तुहे भासरे दारात बसून गुडघा चोळून राहिले होते, थे म्हनले, लाव रे बाप्पा फोन, ही ऐकनार नाही.

उजाडता निघालो. भासरे पुढं ड्रायव्हरपाशी, मी मागं घोडीपाशी. तिले बसू द्याचं नव्हतं. बसली असती तर लोळली असती अन् पिकअपमधी लोळली असती तर पाय मोडला असता. अंजनगाव गेलं, अकोट गेलं, मी तिची मान खांद्यावर घेऊन उभी. दर गतिरोधकाले ती कन्हत होती अन् मी ड्रायव्हरले शिव्या देत होती. अशा शिव्या, त्या तू लिवू नोको. तो उतरल्यावर म्हने, मावशी, माह्या बापानं इतक्या नाही देल्ल्या.

दवाखान्यात एक डॉक्टरीन बाई होती, बारकीशी, चश्मेवाली. मले वाटलं, ही पोट्टी काय माही घोडी धरनार. तिनं खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, मागून हात घातला, डोळे मिटून आत चाचपत राहिली. मंग म्हने, मावशी, आतडं भरलं आहे अन् जागा सोडून फिरलंबी आहे. उघडा लागन. मी खोटं सांगत नाही, वाचतात त्याच्यापेक्षा मरतात जास्त. टेबलावर मरू शकते, अन् शुद्धीवर येऊन उठताना पाय मोडू शकते. सही करा. भासऱ्यायनं पेन घेतला अन् परत टेबलावर ठेवला. थे भोळे आहेत, त्यायले वाटे आपल्या सहीनं मरन आलं तर. मी पेन घेतला अन् आपलं नाव टाकलं. बेबी. दुसरीपर्यंतचं नाव येतेच ना.

डॉक्टरीनबाईनं पैशासाठी अडवलं नाही, हे लिव. आपरेशन लगेच केलं. पन सलाईनच्या बाटल्या, सुया, पुढची औषधी भाईरून आना लागत होती, अन् पुढचे दहा-बारा दिवस तिथंच काढा लागत होते. लग्नसराईचे जे काय घरी होते थे भाड्यात अन् पहिल्या चिठ्ठीतच संपले. भासऱ्यायनं घरी फोन लावला, तर तो तू उचलला.

आता इथं मान खाली घालू नोको, लिव. तू मले कधी सांगतलं नाही, मले बचत गटाच्या अध्यक्षीणबाईनं सांगतलं. मंदा सात वर्षं त्या गटात होती, महिन्याच्या महिन्याले मागं बसे, पैसे टाके, अंगठ्यानं जमीन टोकरे अन् उठून येई. तिचा आवाज कोनी ऐकला नव्हता. त्या दुपारी ती अध्यक्षीणबाईच्या घरी गेली अन् म्हने, बायायले बोलवा, मले कर्ज पायजे. बाया आल्या. इचारलं, कायले पायजे? पोरीच्या लग्नाले? मंदा म्हने, घोडीच्या आपरेशनले. बाया हासल्या. एकीनं म्हनलं, घोडी तुही आहे का? मंदा म्हने, नाही. मंग फेडन कोन? मंदा म्हने, माह्या नावावर लिवा, मी फेडीन. अध्यक्षीणबाई म्हने, इतल्या बाया हासल्या तरी तुही देरानी खाली बसली नाही, उभीच राहिली, बाप्पा आमालेच लाज वाटाले लागली. चाळीस हजार. मधुकरले न सांगता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घोडीपाशी बसली होती तर दवाखान्याच्या फाटकातून ही मंदा आली. एसटीनं, एकटी. जिंदगीत परतवाड्याच्या भाईर एकटी गेली नव्हती. पिशवी छातीशी धरलेली, वरून सांभाराच्या दोन जुड्या ठेवलेल्या, कोनाले पैशाचा सुगावा लागू नये म्हनून. मी इचारलं, काहून आली वं? तर म्हने, बाई, सांभार आनला. मी हासली अन् मंग रडली, अन् त्यानंतर त्या घोडीसाठी रडली नाही.

आपरेशनचं सांगतलंच नाही मी. मले आत नाही घेतलं. भाईरून निस्तं एवढं दिसे, चार पाय वर बांधलेले, जसं बकरं टांगते. तीन घंटे. मंग डॉक्टरीनबाई आली, कपडे खराब, म्हने, एक बादली कुटार काढलं मावशी, आतडं जागेवर बसवलं, काळं नाही पडलं, नशीब समजा. मी म्हनलं, कुटार दाखवा. ती म्हने, कायले? मी म्हनलं, मले पाहू द्या मी काय खाऊ घातलं थे. पाह्यलं. काळी लगदी, त्यात टरफलं जशेच्या तशे. मी तो वास आजबी विसरली नाही.

मंग उठाचं. गाद्या टाकलेल्या खोलीत ती पडली होती अन् सगळे भाईर. पहिल्यांदा उठाले गेली, पुढचे पाय टाकले, पडली. दुसऱ्यांदा अर्धी उठली, भिंतीले आदळली. डॉक्टरीनबाईनं माहा दंड धरून ठेवला होता, इतका जोरात की निळं पडलं. मी ओरडली, अवं शेवंते, उठ, वरात खोळंबली! कसं सुचलं माहीत नाही. तिसऱ्यांदा उभी राहिली. चारी पाय थरथर कापत, डोकं खाली, पन उभी.

पुढचे दिवस म्हंजे चालनं अन् वाट पाहनं. तोंडाले जाळी बांधलेली, कायले की तिनं पेंढा खाऊ नये. दर दोन घंट्याले दहा मिनिटं फिरवायची, हळूहळू, जशी बाळंतीन चालते. डॉक्टरीनबाई नळी लावून पोट ऐके, मंग एकदा तिनं मले नळी कानाले लावून देल्ली. आत ढगावानी गडगडून राहिलं होतं. ती म्हने, हा आवाज पायजे. मी म्हनलं, तुमाले आवाज पायजे, मले लीद पायजे. तिसऱ्या दिवशी दुपारी फिरवता फिरवता तिनं शेपटी उचलली. मी मागं धावली अन् पदर पसरला. हासू नोको मंदे, तू होती तिथं, तू पाह्यलं. तीन गोळे. नरम, तेलकट, गरम. मी हातात घेतले अन् पूर्ण दवाखान्यात दाखवत फिरली, कुत्र्यावाले, बकरीवाले, सगळ्यायले. एक साहेबी बाई कुत्रं घेऊन बसली होती, तिनं नाकाले रुमाल लावला. मी म्हनलं, बाई, पेढे आहेत हे माह्यासाठी.

बाराव्या दिवशी घरी आनली. पोटाखाली वीतभर लांब टाके, सुजलेलं. सुती लुगड्याच्या चार घड्याचा पट्टा मंदानं शिवला, तोच बांधून ठेवला. महिनाभर कोठ्यातून भाईर नाही, मंग महिनाभर निस्तं हातानं फिरवनं. हिरवा लसूनघास भिजवून थोडा थोडा, अन् पानी, पानी, पानी. गावभराचे लोकं पाहाले येत. एक म्हने हळद दाबा, एक म्हने डाग द्या, लोखंड लाल करून लावा. मी त्याले म्हनलं, पहिले तुह्या पोटावर लावून पाहू, बरं वाटलं तर मंग घोडीले लावू.

एक दलाल आला. खाली वाकून पोट पाह्यलं, दात पाह्यले, अंगावरचे भोवरे मोजले. आमच्या धंद्यात भोवरे पाहून घोडीचं नशीब सांगतात, कपाळावरचा चांगला, मानेवरचा खोटा, असं. म्हने, बाई, भोवरे चांगले होते हो, पन आता खंडित झाली. फाडलेली घोडी नवरदेवाखाली चालत नाही. मले द्या, चिखलदऱ्याले लावतो, तिथले फिरनारे लोकं पोट नाही पाहत. भाव सांगतला तो बकरीचा. भासरे माह्याकडं पाहत होते. त्यायच्या मनात होतं, द्यावं. मी म्हनलं, भाऊ, चहा घेऊन जा. घोडी इथंच राहन.

गटाचा हप्ता महिन्याच्या महिन्याले. पावसाळ्यात लगन नाही, घोडी तर उभीच. मी निंदाले गेली दुसऱ्याच्या वावरात, मंग कापूस वेचाले, गुरुवारच्या बाजारात सांभार-पालक घेऊन बसली. माहेरचा धंदा हात विसरले नव्हते. मधुकरले कर्जाचं समजलं तवा त्यानं दोन दिवस मंदाशी बोलनं सोडलं. मी त्याले म्हनलं, तिच्याशी बोलाचं नाही तर माह्याशी भांड, पैसे माह्यावर आहेत. तो म्हने, वहिनी, थे पैसे बुडाले. मी म्हनलं, पाहू.

तुळशीचं लगन झालं अन् सराई सुरू झाली. बँडवाले रहमान मास्तर पहिली वरात घेऊन आले, अचलपूरची. म्हनले, भाभी, एक काम करो, झूल थोडी लंबी कर दो, नीचे तक, कोई देखेगा नहीं. माणूस भला आहे, माह्या भल्यासाठीच म्हनला. मी म्हनलं, मास्तर, झूल आहे तेवढीच राहन. डॉक्टरीनबाईनं सांगतलं होतं, पान्याले कधी अडवू नका. वरातीआधी मी तिच्यापुढं बालटी ठेवली. भासरे म्हनले, काय करून राहिली, मुतन ना ते! मी म्हनलं, मुतू द्या.

अन् मुतलीच. मांडवाच्या तोंडावर, बँड जोरात, बाया आरतीचं ताट घेऊन उभ्या, नवरदेव फेटा सावरून राहिला, अन् शेवंती थांबली, पाय फाकवले, पाठ खाली टाकली अन् सुरू. संपता संपेना. बँड थांबला. पोट्टे हासून हासून लोळले. नवरदेवाचा काका लाल झाला. म्हने, बाई, पानी पाजून आनली का? मी म्हनलं, हाव, पोटभर पाजून आनली. म्हने, रीत माहीत नाही का? मी म्हनलं, माहीत आहे. त्याच रीतीनं ती मरत होती.

तेवढ्यात नवरदेवाची मावशी झूल वली होऊ नये म्हनून उचलाले खाली वाकली, अन् तिले टाक्याचा वन दिसला. अवं माय, म्हने, ही तर पोट फाडलेली घोडी आहे! खंडित घोडीवर लेकराले बसवलं! उतरवा त्याले, उतरवा! काकानं लगामाले हात घातला. मी सोडला नाही. मी भ्याली, खरं सांगते, कारन ही वरात मोडली असती तर पुढची कोनी देल्ली नसती, हप्ता राहिला असता अन् तोंड मंदाचं काळं झालं असतं. मास्तर माह्याकडं पाहून राहिले. मंग माह्या तोंडातून निघालं. म्हनलं, इथं जितक्या बाया उभ्या आहेत त्यातून ज्यायचं ज्यायचं शिझर झालं, त्यायनं हात वर करा.

कोन करते हात वर, भर रस्त्यात, मानसायपुढं. मंग नवरदेवाच्या मायनं ताट बाजूच्या बाईकडं देल्लं अन् हात वर केला. म्हने, माहं झालतं. याच्याच वक्ताले. वरतून नवरदेव ओरडला, आई! मंग मागून एक हात, मंग अजून एक, मंग चार-पाच. मावशीनंबी पदराआडून बोट वर केलं. मी काकाले म्हनलं, भाऊ, फाडलेल्या पोटातून आलेला नवरदेव फाडलेल्या पोटाच्या घोडीवर बसला. आता यात खंडित कोन आहे, तुमी सांगा, मी त्याले उतरवते. काकानं लगाम सोडला. नवरदेवाची माय पुढं आली अन् पहिलं कुंकू तिनं शेवंतीले लावलं, मंग पोराले. मास्तरनं असा बँड फुंकला की त्याचे गाल फाटतीन वाटलं.

तरी काकानं बिदागीतून कापलेच. मी मांडवात उभी राहिली, जेवनाच्या पंगतीत, पुरे घेतल्याशिवाय हालली नाही. थे नवरदेवाच्या मायनं देल्ले.

आता असं नोको लिवू की त्यानंतर सगळं गोड झालं. कितीक घरायनं नाही म्हनलं, आजबी म्हनतात, फाडलेली नको. जाऊ दे त्यायले मोटरीवर. पन दुसऱ्या बाजूनं बायाच फोन कराले लागल्या, थीच घोडी पायजे म्हने, पोटवाली. मी आता पहिलेच सांगून टाकते, पोट फाडलेली आहे, पानी पाजूनच आनीन, मुतली तर हासा. पटलं तर पक्कं करा.

दोन सराया गेल्या. मागच्या महिन्यात शेवटचा हप्ता होता. मी गटाची बाई नाही, तरी मी मंदासंगं गेली. समाजमंदिराच्या ओसरीवर बाया बसल्या होत्या, ही आपली नेहमीवानी मागं जाऊन बसाले लागली, मी दंडाले धरून पुढं बसवली. पैसे तिच्या हातानं द्याले लावले. अध्यक्षीणबाईनं मोजले, वहीत मंदाचं पान काढलं अन् त्याच्यावर आडवी रेघ माराले गेली. मी म्हनलं, रेघ मारू नका, पूर्न फेडले असं अक्षरात लिवा, अन् वाचून दाखवा. तिनं लिवलं. वाचून दाखवलं. बाया हासल्या नाही. एकीनं इचारलं, मंदाबाई, घोडी कशी आहे आता? मंदा म्हने, चांगली आहे. एवढंच म्हनली, पन सगळ्यायले ऐकू गेलं.

घरी आलो तर मधुकर अंगनात चारा उतरवून राहिला होता, कडब्याच्या पेंड्या, अन् त्यातल्या चार त्यानं शेवंतीच्या कोठ्यापाशी ठेवल्या होत्या. मी म्हनलं, मधुकर, मंदाच्या नावावरचे फिटले, आज शेवटचे देऊन आलो. थो म्हनला, बरं वहिनी. माह्यासाठी तेवढं लय झालं. लिवलं का वं? मंग वही बंद कर, चहा मांड. सगळे फिटले.